भरल्या ताटाचा आवाज

१० जून, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज काय खाता आणि पोटात काय होतं ते लिहून ठेवा, नुसतं सांगू नका. मी फार सांगतो असं त्यांना वाटतं. गेल्या वर्षीची डायरी कोरी पडली होती, तीच काढली. छापलेले वार चुकीचे येतात. ते खोडून मी खरे लिहितो आहे.

मराठीत लिहितो. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून शिकवली. आम्ही तंजावरकडचे मराठी, घरात बोलणं मराठीच, पण वाचता येणारा मी एकटा उरलो. बायकोला, त्रिपुरेला, वाचता येत नाही, चेन्नईला असलेल्या आमच्या मुलीला, कीर्तीलाही नाही. म्हणजे इथे काही लिहिलं तरी कुणी हसणार नाही. डॉक्टरांना मी वाचून दाखवीन.

सकाळी दोन इडल्या आणि कडप्पा. बटाटा आणि मुगाच्या डाळीचा हा रस्सा त्रिपुरेच्या हातचा असला की इडली नावालाच. दुपारी भात, सांबार, घेवड्याची भाजी. संध्याकाळी रसमभात, ताक. आंबट ढेकर तीन. छातीत उजवीकडे दुखलं. त्रिपुरा म्हणाली, हृदय डावीकडे असतं. मी म्हटलं, दुखणं सरकतं.

१४ जून, शुक्रवार

कल्याणराम गेले. आमच्यापासून तिसरं घर. दोन दिवसांचे पेपर पायरीवर पडले होते, ते पाहून दूधवाल्याने दार ठोठावलं. मी आत गेलो नाही, माझ्याच्याने जाववलं नाही. जे गेले त्यांनी सांगितलं की चुलीवर भाताचं पातेलं झाकलेलं होतं, भात आंबून वर आला होता. शेजारी एक ताट धुऊन पालथं घातलेलं. शिजवून ठेवला आणि एकट्याने जेवायला बसवलं नाही, असं काहीतरी झालं असावं.

आमचं वय एकच. नाडी पाहिली, जोरात चालली होती.

त्रिपुरा त्यांना नेईपर्यंत दारात उभी होती.  संध्याकाळी मला दहीभात दिला, लोणच्याशिवाय. ढेकर नाही.

१६ जून, रविवार

त्रिपुरेने आज जाहीर केलं की उद्यापासून चंद्रमौली आणि विजयराघव संध्याकाळी आपल्याकडे जेवतील. रोज.

"कुणाला विचारलंस?"

"तुम्हांला आता सांगते आहे."

"अगं, एकाला साखर, दुसऱ्याला दात नाहीत."

"मग दोघं मिळून एकच माणूस जेवेल. तुम्ही कशाला घाबरता?"

मी घाबरत नाही. पण उद्या त्यांना काही बाधलं तर नाव आमचंच येणार. शिवाय तीही अडुसष्टची आहे. दिवसभर उभी राहिली की पाय सुजतात, मग तेल चोळायला मीच. हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

१७ जून, सोमवार

साडेसहाला दोघे आले. चंद्रमौली पोस्टातून निवृत्त, तमिळ, बायको गेली, मुलगे अमेरिकेत. विजयराघव आपल्यातला. मूळचा मरुदानल्लूरचा, भजनाला मृदंग वाजवायचा. आता बोटं थरथरतात आणि तोंडात एक दात, तोही हलता.

चंद्रमौली हातात केळी घेऊन आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. "मामी, मी खरं म्हणजे घरी सकाळीच..."

"सकाळचं सकाळी," त्रिपुरा म्हणाली. "पाय धुवा."

मऊ भात, सुंडक्याच्या कडवट फळांचं कुळंबु, म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, आणि आमचं बेसनाचं पिट्टल, लसणीशिवाय, वरून मोहरी-मिरचीची फोडणी. विजयराघव भात कालवून गिळतो, चावत नाही. तीनदा वाढून घेतलं.  चंद्रमौलींनी ताट बोटाने पुसून घेतलं. हात धुताना म्हणाले, "राव, तुम्ही रोज हे खाता आणि वर पोट दुखतं म्हणून रडता?"

आम्ही जेवलो की ती स्वयंपाकघराचं अर्धं दार लोटून आत जेवते. बायका जेवत असताना आत जायचं नाही, त्यांच्या ताटात पाहायचं नाही, हा वडिलांचा नियम. आई कशी जेवायची ते मी कधी पाहिलं नाही. त्रिपुरेलाही लग्नाच्या पंगतीत पाहिलं असेल तेवढंच. पण मला ऐकू येतं. तिचं काशाचं ताट मीच नाचियार्कोविलहून आणलेलं. तिथल्या समयांच्या कारखान्यात मी एकेचाळीस वर्षं काम केलं. ओतलेली समई बोटाने वाजवायची आणि आत चीर आहे का ते सांगायचं, हेच माझं काम. डोळे अधू झाले तरी कान गेले नाहीत. पळी ताटाला लागते, भात पडला की आवाज बद्द होतो, मग काठावर बांगड्या. तो आवाज झाला की मी आडवा होतो.

मी: भात जास्त झाला. ढेकर पाच.

२९ जून, शनिवार

गेले आठ दिवस भात फारच मऊ. आज तर लापशीच. मी म्हटलं, "एका विजयराघवासाठी आम्ही सगळ्यांनी बोळकं व्हायचं का? मला दात आहेत."

"किती?" चंद्रमौलींनी विचारलं.

"अकरा."

"मग राव, कोर्टात जा."

सगळे हसले, तीही हसली. हसता हसता तिला उचकी लागली आणि थांबेना. पाणी पीत पीत आत गेली. मिरची जास्त खाते, कितीदा सांगितलं.

रक्तदाब एकशे पन्नास, नव्वद.

११ जुलै, गुरुवार

मागच्या गल्लीतली अलमेलू आमच्या घरचं धुवण गाईसाठी नेते. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजीची देठं, असं मागच्या दाराशी बादलीत साठवतो. आज बादली उचलताना म्हणाली, "सामी, तुमच्याकडे कुणी पाहुणे जेवायचे टाकून जातात का? माझी गाय हल्ली भात, कुळंबु, भाजी, सगळं खाते. परवा तर पिट्टलही. तिला आता गवत नको झालंय."

मी बादलीत हात घालून पाहिलं. खरंच भात होता. कालवलेला. चांगला पसाभर.

दिवसभर तेच डोक्यात. मी पाहतो, आम्ही तिघेही ताट चाटूनपुसून ठेवतो. मग हा भात कुठला?

१२ जुलै, शुक्रवार

विचारलं. दोघांसमोर विचारलं, ते चुकलं असेल. पण मला राहवलं नाही.

"रोज पसाभर भात बादलीत जातो. एवढं कशाला शिजवतेस? कल्याणरामांच्या पातेल्यातला भात विसरलीस? अन्न आहे ते."

ती वाढत होती. पळी तशीच हातात.

"अंदाज चुकतो हल्ली," म्हणाली.

"पन्नास वर्षं चुकला नाही तो आता चुकतो?"

"राव, जेवा," चंद्रमौली म्हणाले.

विजयराघव खाली मान घालून भात कालवत राहिला. त्रिपुरा म्हणाली, "बरं. उद्यापासून नाही जाणार." आवाज घोगरा होता. रडली असेल तर आत जाऊन रडली.

मला झोप नीट लागली नाही. पण बोललो ते खोटं नव्हतं.

२० जुलै, शनिवार

बादली स्वच्छ. अलमेलू म्हणते, "सामी, तुमच्या धुवणात आता तोंड पाहून कुंकू लावावं. गाय माझ्यावर रागावली आहे." रागावू दे.

सांगितल्याचा उपयोग होतो. माणसाने बोललं पाहिजे.

आणखी एक. तिचं ताट हल्ली खणखणीत वाजतं. पूर्वी पळी लागली की दोन ठोके स्वच्छ आणि मग बद्द. आता शेवटपर्यंत स्वच्छ, देवळातल्या घंटेसारखं. चिंच लावून घासत असेल. काशाला चिंच चांगली, हे मीच तिला सांगितलं होतं.

रात्रीचं: रसमभात, बटाट्याची भाजी, अप्पळम पापड दोन. ढेकर दोन. सुधारणा आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीच्या पुराचा सण. कावेरीला पाणी आलं आहे. सगळं गाव घाटावर. त्रिपुरा पहाटेपासून उभी. चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, तिळाचा, दहीभात, तांदळाचे तळलेले वडाम. चार डबे चंद्रमौलींनी उचलले, पाण्याची कळशी मी घेतली आणि वाटेत दोनदा टेकवली.

पायऱ्यांवर आम्ही गोल करून बसलो आणि ती मधे बसून एकेकाच्या तळहातावर भाताचा गोळा देत गेली, लहान मुलांना देतात तसा. चिंचेच्या भाताला विजयराघव म्हणाला, "वैनी, हा गोळा घेऊन मेलो तरी चालेल." ती म्हणाली, "मेलात तर दहीभात कोण संपवेल?" शेजारच्या कुटुंबातली दोन पोरं येऊन हात पुढे करून बसली, त्यांनाही दिलं. मी सहा गोळे खाल्ले. इतकं चांगलं बरेच दिवसांत लागलं नव्हतं.

चंद्रमौलींनी एक गोळा करून तिच्यासमोर धरला. "मामी, आज दार नाही, आज आमच्यासमोर."

"आज शनिवार. उपवास आहे."

"कधीपासून?"

"नवस आहे," म्हणाली, आणि तो गोळा घेऊन नदीत सोडला. मासे आले.

मला नवसाचं माहीत नव्हतं. माझ्या पोटासाठीच केला असणार. बरं वाटलं. उतरताना तिने माझा खांदा धरला होता. मला वाटलं मी घसरेन म्हणून धरला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

कीर्तीचा फोन. पडद्यावर आईला पाहून म्हणाली, "अप्पा, अम्मा किती वाळली आहे! नीट जेवते ना?"

"रोज ऐकतो मी," मी म्हटलं.

"काय ऐकता?"

"जेवते. चार माणसांचा स्वयंपाक करते, काम वाढलं की अंग उतरतंच. डॉक्टर सगळ्यांना वजन कमी करायला सांगतात, तुझ्या आईने न सांगता केलं."

त्रिपुरेने फोन घेतला आणि कीर्तीच्या मुलीच्या परीक्षेचं काढलं. तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. जुन्या झाल्या की बांगड्याही सैल होतात का, ते सोनाराला विचारलं पाहिजे.

माझं वजन दोन किलो वाढलं. डॉक्टर रागावणार.

९ सप्टेंबर, सोमवार

तिने आता नवीन खूळ घेतलं आहे. स्वतः पाटावर बसते आणि मला चुलीपुढे उभं करते. या वयात. काल रसम, आज पिट्टल.

"पीठ एकदम टाकू नका. पाणी उकळू द्या. ढवळा. थांबू नका."

"हात दुखतो."

"दुसऱ्या हाताने."

"गुठळ्या झाल्या."

"पहिल्या दिवशी माझ्याही झाल्या होत्या. तुमच्या वडिलांनी ताट सरकवलं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "गुठळ्या मी खाल्ल्या."

मी म्हटलं हे शिकून मला काय करायचं आहे? ती म्हणाली, "कल्याणरामांना भात करता येत होता. एवढाच. पिट्टल आलं असतं तर कुणालातरी बोलावून वाढलं असतं." हे मला पटलं नाही. पिट्टलावाचून कुणी मरत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या रसमाला चंद्रमौलींनी नाव ठेवलं. म्हणाले, हे पोस्टात डिंक म्हणून चाललं असतं. त्रिपुरा हसली नाही, आत ओट्याला टेकून उभी होती. थकते म्हणावं तर काम तर मीच करतो आहे.

ढेकर सहा. माझ्याच रसमाच्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

जेवण झाल्यावर विजयराघव निघाला, पण चपला घालून पायरीवरच बसला. मला खाली बोलावलं.

"अप्पाजी, वैनींना जेवताना तू पाहिलंस?"

"आमच्याकडे ती पद्धत नाही. तुला ठाऊक आहे."

"माझ्या तोंडात एक दात. मला गिळण्यातलं कळतं. काल त्यांनी रसम चाखून पाहिलं. एवढासा घोट. खाली जायला किती वेळ लागला, मी पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"मिरची लागली असेल."

"तू पाहा," म्हणाला. "एकदा आत जाऊन पाहा. तुझे वडील गेले आता, पस्तीस वर्षं झाली."

मला राग आला. माझ्या घरात जेवतो आणि माझ्या वडिलांवर बोलतो. मी सांगितलं की मी रोज ऐकतो, तिचं ताट वाजतं, हल्ली तर पूर्वीपेक्षा चांगलं वाजतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. मृदंग वाजवणारा माणूस. म्हणाला, "चांगलं वाजतं?" आणि काठी टेकत गेला.

६ ऑक्टोबर, रविवार

भरलेलं भांडं खणखणीत वाजत नाही. हे कारखान्यात पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही कळतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज दोघे गेल्यावर मी अर्धं दार ढकललं.

ती जमिनीवर बसली होती. पुढे ताट. ताटात काही नाही. उजव्या हातात पळी, ती ताटाच्या काठाला लावत होती. एक, दोन. मग थांबून डावा हात हलवून बांगड्या काठावर. परत पळी. शेजारी पेल्यात रसमाचं वरचं पाणी, त्याला हात लागलेला नव्हता.

तिने मला पाहिलं. पळी खाली ठेवली, हळूच, आवाज न करता.

"इथे कशाला आलात?"

 मी खाली बसलो. किती दिवस, म्हणून विचारलं असेन. ती म्हणाली, आधी भाकरी-पोळी अडकायची, मग भात, मग मऊ भात. आता पाणीही कधी कधी परत येतं. भात ताटात घेऊन बसायची, उतरला नाही की बादलीत टाकायची. मी रागावलो तेव्हापासून ताटातच घेत नाही.

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हांला? ढेकर आली तरी तुम्ही इच्छापत्राचं बोलता. तुम्हांला सांगितलं असतं तर आधी तुमचंच करावं लागलं असतं." मग म्हणाली, "कीर्ती मला घेऊन गेली असती. या दोघांना कोण वाढणार होतं? तुम्हांला कोण वाढणार होतं?"

"आवाज कशाला करत होतीस?"

"तुम्ही ऐकल्याशिवाय झोपत नाही."

पुढचं लिहीत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

कीर्ती आली, तिने तंजावरला नेलं. घशातून नळी घालून आत पाहिलं. अन्ननलिकेत गाठ आहे. वाट जवळजवळ बंद. यकृतावरही काही आहे म्हणतात.

डॉक्टर तरुण होते. विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून?"

त्रिपुरा म्हणाली, "झाले पंधरा दिवस."

मी माझ्या पोटासाठी ही डायरी पिशवीत ठेवली होती. ती काढली. मराठीत पाहत तमिळमध्ये सांगत गेलो. जून एकोणतीस, भात फार मऊ, उचकी थांबेना. जुलै अकरा, बादलीत भात. जुलै वीस, ताट खणखणीत. ऑगस्ट तीन, उपवास, खांदा धरला. ऑगस्ट बावीस, अंगठीला दोरा. डॉक्टर लिहून घेत होते. कीर्ती माझ्याकडे पाहत नव्हती, डायरीकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही, तरी पाहत होती.

डॉक्टर म्हणाले, "फार उपयोग झाला. तुम्ही सगळं लिहून ठेवलंय की."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं.

ऑपरेशनची वेळ गेली आहे. पातळ जाईल तेवढे दिवस पातळ. नंतर पोटात नळी. पंधरा दिवस किंवा तीन महिने, सांगता येत नाही म्हणाले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

त्रिपुरा: ताक, अर्धी वाटी. नारळपाणी, चार चमचे, दोन परत आले.

आता तिचंच लिहायचं.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. कीर्ती थांबली होती, काल गेली, पुढच्या आठवड्यात परत येते. आईला चेन्नईला नेण्यासाठी भांडली. त्रिपुरा म्हणाली, "माझी चूल इथे आहे." कीर्ती म्हणाली, "चुलीने काय दिलं तुला?" 

मला वाटलं होतं आता संध्याकाळचं जेवण बंद. चंद्रमौली स्वतः येऊन सांगून गेले की आम्ही आपापलं पाहू. त्रिपुरेने त्यांना परत बोलावून घेतलं. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला सांगितली. अर्धं दार तिने काढूनच टाकायला लावलं. चंद्रमौलींनीच पाचर ठोकून बिजागऱ्या सोडवल्या.

मी शिजवतो. ती खुर्चीत बसून वासावरून सांगते. "हिंग पडला नाही." "खाली लागतंय, उतरवा." "मीठ दुप्पट झालं, बटाटा टाका." एकदाही चुकत नाही.

पहिल्या दिवशी चंद्रमौलींनी घास उचलला आणि तसाच ठेवला. "मामी, तुमच्यासमोर कसं..."

"माझ्यासमोर नाही तर कुणासमोर? चार महिने आत बसून भिंतीचे पोपडे मोजले मी. आता तरी पाहू द्या कसे जेवता ते." मग म्हणाली, "विजयराघव, तुम्ही फार घाई करता. घास नीट फिरवा तोंडात."

विजयराघव म्हणाला, "वैनी, फिरवायला आत कुणी नाही."

ती हसली. हसताना आता तिचा चेहरा वेगळाच दिसतो.

त्रिपुरा: कंजी, म्हणजे भाताची पेज, पाव वाटी. ताक सहा चमचे.

मी काय खाल्लं ते आठवत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

अलमेलूने धुवण नेलं नाही. बादली उचलली आणि परत ठेवून ओसरीवर बसून रडली. म्हणाली, "सामी, मी गाईचं सांगत होते. मला काय ठाऊक." मी म्हटलं, तुला काय ठाऊक असणार. तू तर सांगितलंस.

त्रिपुरा: कंजी दोन चमचे. पाणी.

२४ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस पाऊस. दोघे छत्र्या घेऊन आले. पिट्टल केलं, गुठळी एकही नाही. चंद्रमौली म्हणाले, "राव, अगदी मामींसारखं." खोटं होतं, पण विजयराघवाने दोनदा मागून घेतलं. त्रिपुरा खुर्चीत उशी लावून बसली होती. आज तिने मिठाचं काही सांगितलं नाही. डोळे मिटलेले होते.

ते गेल्यावर मी कंजी फडक्यातून गाळली, थोडं ताक, चिमूटभर मीठ. काशाच्या वाटीत घेतली आणि तिच्यासमोर पाट मांडून बसलो. लग्नाला पन्नास वर्षं होतील. पण ती जेवताना समोर असा मी आता महिनाभरच बसतो आहे, त्याआधी कधी नाही.

"पाहू नका," ती म्हणाली. आवाज आता फक्त श्वासाएवढा आहे. "कुणी पाहिलं की उतरत नाही."

"तो नियम संपला. दारही काढलं."

"हा माझा आहे. तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. कॅलेंडर आहे तिकडे, आडुतुरैच्या बियाण्यांच्या दुकानाचं, भाताच्या लोंब्यांचं चित्र.

मागे चमचा वाटीला लागला. मग थोडा वेळ. गिळायला लागतो तेवढा. परत चमचा. ती वेळ अगदी बरोबर सोडत होती.

वाटी भरलेली असली की आवाज खाली असतो. जसजशी रिकामी होते तसतसा वर चढतो. एक चमचा गेला तरी मला कळतं. पहिल्या चमच्याला आवाज खाली होता. पाचव्याला तोच. दहाव्याला तोच. मी मोजत होतो. विसाव्यालाही तसूभर चढला नाही. बाहेर पाऊस होता, पण पावसातही मला कळतं.

मी वळलो नाही.

"झालं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. मीठ बरोबर होतं."

"चांगलं जेवलीस," मी म्हटलं.

तिने वाटी पुढे केली, वर तळहात झाकून. मीही वर तळहात ठेवूनच घेतली. मागच्या दाराशी गेलो आणि बादलीत ओतली. वाटी धुऊन पालथी घातली. परत आलो तर ती मला म्हणाली, "आता तुम्ही झोपा."

कीर्तीचा फोन आला. ती रोज विचारते, तिला डॉक्टरांना कळवावं लागतं. मी सांगितलं. इथेही तेच लिहितो.

त्रिपुरा: कंजी, एक वाटी. सगळी.